रेलिंगसाठी विदेशी लाकूड निवडताना: कठीणपणा नंतर, आधी स्थिरता

डेकसाठी विदेशी लाकूड शोधायला लागलं की पहिल्यांदा समोर येतो तो कठीणपणा. दक्षिण अमेरिकेतली इपे आणि कुमारू ही लाकडं किती कठीण, कठीणपणा मोजणाऱ्या जँका चाचणीत कोणाचा आकडा मोठा. डेकच्या फळ्यांसाठी ही माहिती कामाची आहे, कारण त्यांच्यावरून माणसं चालतात, खुर्च्या ओढल्या जातात. रेलिंगवरून मात्र कोणी चालत नाही. तिथे लोक रेलून उभे राहतात, हात फिरवतात, आणि ऊन-पाऊस थेट वरच्या पट्टीवर झेलला जातो. त्यामुळे रेलिंगच्या लाकडाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ते सरळ राहील का? सांध्यात पाणी शिरलं तर कुजेल का? पाच वर्षांनी त्यावर उघडा हात फिरवला तर कुसळ टोचेल का?

जँका चाचणीत ११.२८ मिमी व्यासाचा पोलादी गोळा अर्ध्यापर्यंत लाकडात दाबायला किती जोर लागतो ते मोजतात. इपेला साधारण १५,६०० न्यूटन लागतात, सागाला ४,७०० च्या आसपास. म्हणजे साग इपेच्या एक तृतीयांशही कठीण नाही. तरीही जहाजांच्या डेकवर आणि कठड्यांवर साग पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, कारण तो फुगतो-आकसतो कमी आणि सहजी कुजत नाही. रेलिंगचं लाकूड निवडताना हे उदाहरण डोक्यात ठेवलं तर विक्रेत्याच्या अर्ध्या बोलण्याकडे दुर्लक्ष करता येतं.

आधी रेलिंगचे भाग वेगळे करा

सगळं रेलिंग एकाच लाकडाचं असावं असा नियम नाही. खांब, वरची पट्टी आणि मधले उभे गज या तिघांचं काम वेगळं आहे.

खांबावर सगळा भार येतो. जमिनीपासून एक मीटर उंचीवर एखाद्या माणसाने ९० किलोचा जोर लावला आणि खांब तळाशी १०० मिमी अंतरावरच्या दोन बोल्टनी धरलेला असेल, तर तरफेच्या हिशेबाने वरच्या बोल्टवर जवळजवळ ९०० किलोचा ताण येतो. म्हणून खांबाच्या बाबतीत लाकडाच्या जातीपेक्षा बोल्ट आणि ते ज्या तुळईत बसवले ती तुळई महत्त्वाची. खांबाचं लाकूड टिकाऊ, सरळ रेषांचं (म्हणजे तंतू लांबीला समांतर असलेलं) आणि बोल्टच्या जागी गाठ नसलेलं असलं की पुरे.

वरची पट्टी हा रेलिंगचा सर्वांत छळ सोसणारा भाग. आडवी असल्याने तिच्यावर पाणी थांबतं, ऊन थेट पडतं, आणि हात लागतो तो तिलाच. पैसे खर्च करायचे तर इथे करा.

उभे गज बारीक आणि संख्येने भरपूर असतात. बारीक लाकूड सहज पिळतं, आणि ओळीतला एक गज पिळला तरी दुरून दिसतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की उभे गज स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांत वरची पट्टी उत्तम लाकडाची करावी. लाकडाचेच गज हवे असतील तर ३८ मिमी चौरसाच्या खाली जाऊ नका आणि मोजून लागतील त्यापेक्षा १५ ते २० टक्के जास्त मागवा. तेवढे नाकारावे लागतातच.

जात कशी निवडायची

युरोपातल्या ईएन ३५० या मानकात लाकडाच्या टिकाऊपणाचे पाच वर्ग केले आहेत. वर्ग १ सर्वांत टिकाऊ, वर्ग ५ सर्वांत कमी. हे वर्ग ठरवताना लाकडाच्या खुंट्या जमिनीत पुरून ठेवतात. रेलिंग जमिनीत नसतं, हवेत असतं, आणि पाऊस थांबला की वाळतं. त्यामुळे सांधे नीट केले असतील तर वर्ग २ चं लाकूडही रेलिंगला चांगलं पुरतं. दुसरी गोष्ट म्हणजे हे वर्ग फक्त गाभ्याच्या लाकडाला लागू असतात. सालीजवळचा फिकट भाग कोणत्याही झाडाचा असो, अगदी सागाचा किंवा इपेचा, तो कुजतो.

सागाला विदेशी म्हणायचं की नाही हे तुम्ही कुठे राहता त्यावर अवलंबून, पण तुलनेसाठी मोजपट्टी म्हणून तो लागतोच. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत साग रुंदीच्या दिशेने जास्तीत जास्त ५.३ टक्के आकसतो. वजनाला हलका, साधारण ६५० किलो प्रति घनमीटर, आणि अंगचं तेल असल्याने हाताला किंचित मेणचट लागतो. सावधगिरी एवढीच की लागवडीतला, लवकर कापलेला साग जुन्या जंगली सागाइतका टिकाऊ असेलच असं नाही. त्यात फिकट भागही जास्त निघतो. सागाच्या नावावर पैसे देताना फळीवरचा पांढरा पट्टा मोजा.

इपे दक्षिण अमेरिकेतलं. घनमीटरला १,०५० ते १,१०० किलो, म्हणजे पाण्यात बुडणारं. वर्ग १ चं टिकाऊ आणि इतक्या घनतेच्या मानाने बरंच स्थिर. आकसण्याचा आकडा ७.२ टक्के. त्याचा पृष्ठभाग घट्ट आणि बारीक पोताचा असतो. नीट घासलेल्या इपेच्या पट्टीवर हात फिरवला की लाकडापेक्षा गुळगुळीत दगडाचा भास होतो. कुसळं क्वचितच निघतात. तोटा म्हणजे वजन आणि उष्णता. गडद रंगाची ही पट्टी भर उन्हात चांगलीच तापते. २.४ मीटर लांब, १४० मिमी रुंद आणि ३८ मिमी जाड पट्टी इपेची असेल तर १३ किलोच्या वर भरते, सागाची ८ किलोच्या आसपास. उंच मजल्यावर एकट्याने काम करणाऱ्याला हा फरक कळतो.

कुमारू इपेच्या जवळपास जातं आणि सहसा स्वस्त मिळतं. पण त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणजे थराथराला दिशा बदलते. त्यामुळे रंधा मारताना तुकडे उपटले जातात आणि लांब, बारीक तुकडे पीळ धरतात. रुंद पट्टीसाठी आणि खांबांसाठी कुमारू चालेल, गजांसाठी मी सुचवणार नाही.

मॅसारँडुबा टिकाऊ आणि मजबूत आहे, पण आकसतं ९.४ टक्के. डेकवर स्क्रूंनी घट्ट धरलेल्या फळ्यांसाठी ते चालून जातं, वरच्या पट्टीच्या घट्ट बसणाऱ्या सांध्यांसाठी नाही. जाटोबा दिसायला सुंदर, लालसर, पण बाहेरच्या कामात इपे, कुमारू आणि मॅसारँडुबाच्या मागे. गारापा सोनेरी आणि फिकट, त्यामुळे उन्हात गडद लाकडांपेक्षा कमी तापतं. हात ठेवायच्या पट्टीला हा गुण लहान नाही. मात्र ते तुलनेने मऊ आहे, कोपऱ्यांना ठोसे दिसतात. आफ्रिकेतलं इरोको सागाच्या जवळचं, स्थिर आणि टिकाऊ. चांगला माल मिळत असेल तर वरच्या पट्टीसाठी डोळे मिटून घ्यावं असं.

मेरबाऊबद्दल एक इशारा. आग्नेय आशियातलं हे लाकूड टिकाऊ आणि बऱ्यापैकी स्थिर आहे, पण पहिल्या काही पावसांत त्यातून लालसर-तपकिरी पाणी गळतं. खाली फिकट फरशी, काँक्रीट किंवा पांढरी भिंत असेल तर ओघळांचे डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. मेरबाऊच घ्यायचं असेल तर तुकडे बसवण्याआधी उघड्यावर ठेवून दोन-चार वेळा भरपूर पाण्याने धुऊन काढा, आणि तरीही रेलिंगच्या खाली काय आहे ते आधी पाहा.

बाजारातलं नाव आणि खरं नाव

विक्रीची नावं फसवी असतात. ‘ब्राझिलियन टीक’ म्हणून विकलं जातं ते बहुधा कुमारू असतं, ‘ब्राझिलियन चेरी’ म्हणजे जाटोबा, ‘ब्राझिलियन वॉलनट’ म्हणजे इपे. यातल्या एकाचाही साग, चेरी किंवा अक्रोडाशी संबंध नाही. म्हणून पावतीवर शास्त्रीय नाव लिहून मागा. इपेसाठी हँड्रोअँथस, कुमारूसाठी डिप्टेरिक्स, सागासाठी टेक्टोना ग्रँडिस, मेरबाऊसाठी इन्शिया. जो विक्रेता हे लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याला बहुधा स्वतःलाच माहीत नसतं, आणि तसं असेल तर माल कुठून आला हेही त्याला माहीत नसणार.

कागदपत्रांचा मुद्दा आता आणखी महत्त्वाचा झाला आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस कराराची परिषद २०२२ साली पनामात झाली. तिथे इपे आणि कुमारू यांच्या प्रजाती परिशिष्ट २ मध्ये घेतल्या गेल्या आणि तो निर्णय २५ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. याचा अर्थ बंदी नव्हे. देशाबाहेर पाठवताना परवाना लागतो. आयात केलेलं इपे घेत असाल तर त्या परवान्याची किंवा त्या तारखेआधीच्या साठ्याच्या पुराव्याची प्रत मागायला लाजू नका. एफएससी प्रमाणपत्र (जंगल जबाबदारीने सांभाळून काढलेल्या लाकडाचं) असेल तर फक्त दुकानाच्या पाटीवरचा शिक्का पाहून थांबू नका. तुमच्या पावतीवर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तो माल प्रमाणित असल्याची नोंद हवी.

इपेच्या नावाखाली दुसरं लाकूड मिळतंय अशी शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. तुकड्याला करवत मारून थोडा भुसा जमवा. इपेचा भुसा पिवळट-हिरवट असतो, कारण त्यात लॅपाचॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. पांढऱ्या बशीत चिमूटभर भुसा घ्या आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचे थेंब टाका. पिवळा भुसा लाल होऊ लागला तर लॅपाचॉल आहे, म्हणजे इपे असण्याची शक्यता दाट. कुमारूचा भुसा असा रंग बदलत नाही. हाच लॅपाचॉल काहींच्या कातडीला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून इपे कापताना चांगला मास्क हवाच. साध्या रुमालाने भागत नाही.

वखारीत पोचल्यावर

ऑनलाइन किंवा फोनवर मागवलेल्या मालातून चांगले गज निघतील ही आशा ठेवू नका. शक्य असेल तर स्वतः जा आणि तुकडा तुकडा पाहा.

प्रत्येक तुकडा एका टोकाकडून डोळ्याशी धरा आणि कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाका. बाक लगेच दिसतो. मग तो तुकडा पाव फेरी फिरवून दुसरी कड पाहा. पीळ असेल तर जवळचं आणि लांबचं टोक एका पातळीत दिसणार नाही. हलका बाक असलेली फळी वरच्या पट्टीत खेचून सरळ करता येते, पिळलेली फळी येत नाही. ती परत ठेवा.

मग बाजूवरच्या रेषा पाहा. रेषा तुकड्याच्या लांबीला समांतर जात असतील तर उत्तम. तिरप्या जाऊन एका कडेतून बाहेर पडत असतील तर तिथे तुकडा कमकुवत असतो आणि पुढे तिथूनच कुसळ निघतं. वरच्या पट्टीसाठी ही चूक क्षम्य नाही, कारण हात नेमका तिथूनच घसरत जातो.

आता टोक पाहा. वर्तुळांच्या रेषा फळीच्या जाडीतून उभ्या जात असतील, तर ती फळी रुंदीत कमी हलते आणि वाटीसारखी वाकत नाही. रेषा कमानीसारख्या असतील तर ती जास्त हलेल. इपे किंवा सागाच्या ढिगातून वरच्या पट्टीसाठी उभ्या रेषांचे तुकडे निवडून काढायला अर्धा तास गेला तरी घालवा. टोकांवर बारीक तडे असतात, ते किती आत गेलेत ते पाहा आणि तेवढी लांबी वजा करून हिशेब करा. टोकांना मेणाचा थर लावलेला असेल तर तो विक्रेता काळजी घेणारा आहे असं समजायला हरकत नाही.

सालीजवळचा पांढरा भाग, भुंग्यांची बारीक भोकं आणि कडेवर आलेल्या गाठी असलेले तुकडे बाजूला काढा. छोट्या, घट्ट गाठी खांबात चालतील.

ओलावा आणि रुंदीचं गणित

मॉइश्चर मीटर स्वस्त असतो आणि या कामात त्याची किंमत वसूल होते. बाहेरच्या कामासाठी लाकडात १२ ते १५ टक्के ओलावा ठीक. २० च्या वर असेल तर ते लाकूड तुमच्या रेलिंगवर येऊन वाळेल, आणि वाळताना सांधे उघडतील. अतिघन लाकडांवर मीटर थोडा चुकतो, म्हणून त्यातलं जातीप्रमाणे आकडा सुधारायचं कोष्टक वापरा.

हालचाल मोजण्याची रीत सोपी आहे. लाकूड साधारण ३० टक्के ओलाव्यापासून आकसायला लागतं. एकूण आकसण्याच्या आकड्याला ३० ने भागा, म्हणजे दर एक टक्का ओलाव्याला किती बदल ते कळतं. समजा पट्टी १४० मिमी रुंद आहे आणि उन्हाळा-पावसाळ्यात ओलावा ६ टक्क्यांनी बदलतो. कमानी रेषांच्या सागाची पट्टी साधारण १.५ मिमी हलेल, इपेची २ मिमी, मॅसारँडुबाची २.६ मिमी. उभ्या रेषांचा साग घेतला तर हीच हालचाल ०.७ मिमीवर येते. जात बदलण्यापेक्षा कधी कधी फळी निवडून घेणं जास्त फायद्याचं ठरतं ते असं. १४० मिमीऐवजी ९० मिमी रुंद पट्टी घेतली तरी हालचाल त्याच प्रमाणात कमी होते. रुंद पट्टीवर चहाचा कप ठेवता येतो हे खरं, पण कोपऱ्यातला ४५ अंशाचा सांधा दरवर्षी उघडताना पाहायचा नसेल तर रुंदी आवरा, किंवा तिथे तिरपा सांधा न करता सरळ टोकाला टोक लावा.

माल आल्यावर लगेच कामाला लागू नका. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा.

आकार आणि सांधे

कितीही महाग लाकूड असलं तरी पाणी साचलं तर ते खराब होतं. वरच्या पट्टीचा माथा सपाट ठेवू नका. एका बाजूला किंवा मधून दोन्ही बाजूंना पाच-सात अंशांचा उतार द्या. कडा किमान ३ मिमी गोल करा. हाताला बरं वाटतंच, शिवाय तीक्ष्ण कडेवर तेलाचा थर टिकत नाही. पट्टीच्या खालच्या बाजूला कडेपासून थोडं आत एक बारीक खोबण काढली तर पाणी आत न सरकता तिथून खाली ठिबकतं.

लाकूड टोकांतून बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी पितं. म्हणून कापलेलं प्रत्येक टोक, सांध्यात लपणारं सुद्धा, बसवण्याआधी मेणाच्या सीलरने बंद करा. खांबाचं तळ काँक्रीटवर किंवा लोखंडी पत्र्यावर टेकवू नका, १० ते १२ मिमी फट ठेवा. स्क्रू स्टेनलेसचे, आणि समुद्राजवळ असाल तर ३१६ दर्जाचे. या लाकडांत आधी बारीक पायलट भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर स्क्रू तुटतो किंवा टोक फाटतं. पट्टी खालून पकडायची असेल तर भोक थोडं मोठं ठेवा म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

साधं लोखंड या कामात शिरू देऊ नका. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडाला लोखंड लागलं की काळे डाग पडतात. जवळपास कोणी ग्राइंडरने लोखंड कापत असेल तर उडालेले कण पट्टीवर बसतात आणि पहिल्या पावसानंतर शेकडो काळे ठिपके उमटतात. ते ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्याने जातात, पण आधी झाकून ठेवणं सोपं. उंची आणि गजांमधल्या फटीबाबत तुमच्या भागातले बांधकाम नियम पाहा. बऱ्याच ठिकाणी १०० मिमीचा गोळा आरपार जाता कामा नये अशी अट असते, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून.

तेल की मोकळं

उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन हे द्रव्य पृष्ठभागावर मोडतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. सगळी लाकडं शेवटी राखाडी होतात ती यामुळे. त्याने मजबुती जात नाही. राखाडी रंग आवडत असेल तर इपे किंवा साग मोकळे सोडा आणि वर्षातून एकदा मऊ ब्रशने धुवा.

रंग टिकवायचा असेल तर रंगद्रव्य असलेलं तेल घ्या. पारदर्शक तेल पाणी अडवतं, ऊन फारसं नाही. चकचकीत वार्निश बाहेरच्या रेलिंगवर लावू नका. त्याचा थर एका जागी फुटला की पाणी आत शिरतं, पापुद्रे निघतात आणि पुढचं वर्ष घासण्यात जातं. घन लाकडात तेल फार मुरत नाही, म्हणून पातळ थर लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि धूळ धरतं. घासताना बाजूंना ८० नंबरचा सँडपेपर पुरतो, त्यापेक्षा गुळगुळीत केलं तर तेल आणखी कमी मुरतं. फक्त हात लागणारा माथा १२० पर्यंत न्या. तेल चारही बाजूंना लावा. एकीकडेच लावलं तर पट्टी वाकते.

तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

तेल पुन्हा कधी लावायचं हे कॅलेंडरवरून ठरवू नका. वरच्या पट्टीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब गोल राहिले तर थांबा, पसरून लाकडात उतरले तर वेळ झाली. वरची पट्टी गजांच्या कितीतरी आधी कोरडी पडते, म्हणून दरवेळी सगळं रेलिंग रंगवायची गरज नाही, पट्टी तेवढी करा. त्याच वेळी प्रत्येक खांब वरच्या टोकाला धरून हलवून पाहा आणि सैल वाटलेला बोल्ट आवळा. आवळूनही खांब हलत असेल तर बोल्टमागची तुळई तपासा. बहुतेक वेळा कुजलेली तीच असते.